मुद्दाम जुलाब लावून घेणारे स्वयंसेवक: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. सुट्टीच्या दिवशी गावोगावी पाणी आणि पोटाच्या आजारांवर बोलायला जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२३ मध्ये नियंत्रित संसर्ग अभ्यासांबद्दलचा, म्हणजे निरोगी माणसाला मुद्दाम जंतू देऊन केलेल्या अभ्यासांबद्दलचा, धोरण मसुदा लोकांच्या हरकती-सूचनांसाठी मांडला. तेव्हापासून भाषण संपले की या विषयावर हमखास हात वर होतात. रावेरपासून धडगावपर्यंत तेच ते प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत.

१. मुद्दाम जुलाब लावतात म्हणजे नेमके काय करतात?

निरोगी, सज्ञान माणूस सगळे समजून-उमजून तयार होतो. त्याला बंद वॉर्डात ठेवतात आणि ओळखीच्या, मोजलेल्या जंतूंचा डोस पाजतात. त्याला जुलाब लागतात का, किती लागतात आणि रक्तात काय बदल होतात हे तासातासाला पाहतात. मग औषध देऊन त्याला बरे करतात. यालाच नियंत्रित संसर्ग अभ्यास म्हणतात. लस तपासायची असेल तर आधी अर्ध्या लोकांना लस आणि अर्ध्यांना नुसते पाणी किंवा निरुपद्रवी द्रव देतात. त्यानंतर सगळ्यांना तेच जंतू पाजतात.

२. धडधाकट माणसाला आजारी का पाडायचे? उंदीर-ससे आहेत की!

हा प्रश्न विद्यार्थी सगळ्यात जास्त विचारतात, आणि तो रास्त आहे. अडचण अशी की पोटाचे बरेच जंतू माणसालाच धरतात. पूर्ण वाढलेल्या जनावराला कॉलरा, म्हणजे आपली पटकी, माणसासारखी होत नाही. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये कॉलऱ्याचे जंतू एक विष सोडतात हे सिद्ध केले. त्यासाठी त्यांना सशाचे आतडे दोऱ्याने बांधून त्या तुकड्यात जंतू गाळून काढलेला द्रव घालावा लागला होता. शिगेला, म्हणजे रक्ती हगवणीचा जंतू, उंदराला तोंडावाटे दिला तर माणसासारखी हगवण लागतच नाही.

दुसरे कारण वेळेचे. लस खऱ्या साथीत तपासायची तर हजारो लोकांना टोचून साथ यायची वाट पाहावी लागते, आणि साथ सांगून येत नाही. वॉर्डात साठ-सत्तर माणसांत काही आठवड्यांत कळते की ही लस पुढे न्यायची की इथेच सोडायची. कुचकामी लस लहान मुलांपर्यंत पोचण्याआधीच गळते. मला हा फायदा सगळ्यात मोठा वाटतो.

३. हे पहिल्यांदा कोणी केले?

स्वतःवर प्रयोग करून घेणारे पुष्कळ झाले. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी म्युनिकमध्ये माक्स फॉन पेटेनकोफर हे ७३ वर्षांचे शास्त्रज्ञ कॉलऱ्याच्या जंतूंचे पाणी प्यायले. नुसत्या जंतूने कॉलरा होत नाही, हे त्यांना दाखवायचे होते. त्यांना हलकेसे जुलाब झाले आणि आपणच बरोबर, असे त्यांनी ठरवले. ते चुकले होते. एकट्याने पिऊन काही सिद्ध होत नाही, मात्रा मोजावी लागते आणि तुलनेला माणसे लागतात.

पुढचा काळ कमी अभिमानाचा आहे. अमेरिकेत मेरीलँडच्या तुरुंगात कैद्यांना टायफॉइड आणि हगवणीचे जंतू पाजले जात. कैदी ‘हो’ म्हणत, पण कोठडीतल्या ‘हो’ला काय अर्थ? १९७० च्या दशकात ते थांबले. १९७४ मध्ये बाल्टिमोरला मेरीलँड विद्यापीठाचे लसविकास केंद्र सुरू झाले आणि बाहेरचे, मोकळे स्वयंसेवक घेऊन आजची पद्धत तिथे घडत गेली.

४. जंतू कसे पाजतात? वॉर्डात दिवस कसे जातात?

माझी एक जुनी विद्यार्थिनी परदेशात अशा वॉर्डात काम करते. तिने फोनवर जे सांगितले ते जवळजवळ तसेच लिहिते.

सकाळी दीड तास पोटात काही जाऊ देत नाहीत, पाणीसुद्धा नाही. मग खाण्याच्या सोड्याचे पाणी, साधारण १२० मिलिलिटर, प्यायला देतात. ते गेले की लगेच ३० मिलिलिटर सोड्याच्या पाण्यात कालवलेले जंतू. चव खारट, बाकी काही नाही. पुढे पुन्हा दीड तास उपास. पहिल्या दिवशी वॉर्डात पत्ते, कॅरम, मोबाइल चालू असतात आणि सगळे एकमेकांकडे बघत असतात, पहिला कोण?

कमोडवर टोपी उलटी ठेवावी तसे एक प्लास्टिकचे भांडे बसवलेले असते. प्रत्येक वेळचे शौच त्यात जमते, नर्स ते वजनकाट्यावर ठेवते, वेळ लिहिते आणि १ ते ५ असा दर्जा देते. १ म्हणजे बांधीव, ५ म्हणजे पाणी. कॉलऱ्यात ते तांदळाच्या धुवणासारखे दिसते. जेवढे बाहेर गेले तेवढे ओआरएस लगेच पाजायचे, ओकारीने पोटात ठरत नसेल तर सलाईन लावायचे. रात्री तीन वाजताही हे चुकत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी, किंवा त्रास वाढला तर आधीच, अँटिबायोटिक सुरू करतात. घरी जायचे ते शौचाच्या दोन लागोपाठच्या तपासण्यांत जंतू सापडला नाही तरच.

ती म्हणाली, ‘मॅडम, लोकांना जुलाबापेक्षा त्या भांड्याची लाज जास्त वाटते. दुसऱ्या दिवशी तीही जाते.’

५. हे जंतू येतात कुठून? कुठल्याही विहिरीतले घेतात का?

नाही. ते वर्षानुवर्षे गोठवून ठेवलेले, कुंडली माहीत असलेले जंतू असतात. कॉलऱ्याचा एन १६९६१ हा वाण १९७० च्या दशकात बांगलादेशातल्या रुग्णाकडून मिळाला. प्रवाशांना आणि लहान मुलांना जुलाब लावणाऱ्या ई. कोलायचा एच १०४०७ हा वाणही तिकडचाच, ढाक्याच्या रुग्णाचा. वाण निवडताना तो साध्या, हाताशी असलेल्या अँटिबायोटिकने मरतो याची खात्री आधी करतात. औषधाला न जुमानणारा जंतू कोणाला पाजत नाहीत. डोस औषध बनवण्याच्या दर्जाच्या प्रयोगशाळेत तयार होतो आणि त्यात दुसरा कुठला जंतू मिसळलेला नाही, हेही तपासतात.

६. जिवाला धोका नाही का?

धोका नाही असे कोणी सांगितले तर तिथून उठून यावे. कॉलऱ्यात मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. पण पटकीने माणूस मरतो तो पाणी आणि क्षार गेल्यामुळे. तेच वेळेवर भरून काढले तर मरत नाही. वॉर्डात ते कोणी विसरत नाही. १९८० नंतर प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासांची मोजदाद झाली आहे. सगळ्या प्रकारचे संसर्ग धरून हजारो स्वयंसेवकांत एकही मृत्यू नोंदलेला नाही. गंभीर त्रासाच्या घटना मोजक्या आहेत, पण आहेत.

काही धोके जुलाब थांबल्यावर येतात. शिगेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जंतूंनंतर काहींचे सांधे आखडतात. कॅम्पिलोबॅक्टरनंतर क्वचित हातपाय लुळे पाडणारा गियां-बारे आजार होतो. हे टाळण्यासाठी, जंतूच्या अंगावरच्या ज्या साखरेच्या साखळ्या आपल्या नसांवरच्या साखळ्यांसारख्या दिसतात त्या नसलेला कॅम्पिलोबॅक्टरचा वाण शोधून वापरला गेला. तरी धोका अगदी शून्यावर येत नाही, आणि संमतीपत्रात तो लिहिलेलाच असला पाहिजे.

७. मी तब्येतीने ठणठणीत आहे. तरी मला नाकारतील का?

नाकारू शकतात, आणि कारण बहुतेकदा तुमच्या आजूबाजूला असते. घरात तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेली सासू असेल तर नाही. हॉटेलात, खानावळीत किंवा लग्नाच्या पंगतीला स्वयंपाक करत असाल तर नाही. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात कामाला असाल तरी नाही. तुमच्या हाताने जंतू दुसऱ्याच्या ताटात जायला नको. गरोदर बाईला घेतच नाहीत.

दोन कारणे ऐकून लोक चकित होतात. ओ रक्तगटाच्या माणसाला कॉलरा झाला तर तो जोरात होतो. म्हणून काही अभ्यासांत त्यांना वगळतात, काहींत दोन्ही गटांत सारखे वाटतात. आणि एचएलए-बी २७ ही खूण ज्यांच्या रक्तात असते त्यांना शिगेलाच्या अभ्यासात घेत नाहीत, कारण प्रश्न ६ मधले सांधेदुखीचे प्रकरण त्यांच्यात जास्त आढळते.

८. आधी सोडा का पाजतात? आणि मी रोज ॲसिडिटीची गोळी घेतो, त्याचा याच्याशी काही संबंध?

थेट संबंध आहे. सुरुवातीच्या कॉलरा अभ्यासांत अब्जावधी जंतू पाजूनही बऱ्याच जणांना काही होत नव्हते. पोटातले आम्ल त्यांना मारून टाकत होते. सोड्याने आम्ल मोडल्यावर दहा लाख जंतू पुरले. हे ज्ञान त्या स्वयंसेवकांनी दिले. उपाशीपोटी रोज आम्ल दाबणारी गोळी घेणाऱ्याच्या पोटाचा हा पहारेकरी झोपलेला असतो. कुपोषित मुलांतही आम्ल कमी असते. गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, पण पावसाळ्यात पाणी उकळूनच प्या.

शिगेलाचे उलट आहे. तो आम्लाला दाद देत नाही. स्वयंसेवकांवरच्या अभ्यासांत दिसले की १० ते १०० जंतू पुरतात, इतके तर न धुतलेल्या नखातही मावतात. म्हणून हगवण पाण्याशिवाय, नुसत्या हातांनीही घरभर फिरते. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली आणि क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टला पिवळा रंग आला, तरी साबणाने हात धुवावेच लागतात ते यासाठी.

९. एवढे करून हाती काय लागले?

बरेच काही. १९६८ मध्ये अमेरिकेत नॉरवॉक गावच्या शाळेत ओकारी-जुलाबाची साथ आली आणि जंतू काही सापडेना. आजाऱ्यांचे शौच गाळून निघालेला द्रव स्वयंसेवकांना पाजला, तेही आजारी पडले. अशा स्वयंसेवकाच्या नमुन्यातच १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू दिसला. तोच नोरोव्हायरस.

बाल्टिमोरला कॉलरा होऊन गेलेल्यांना तीन वर्षांनी पुन्हा तेच जंतू पाजले, तेव्हा ते आजारापासून वाचले. एकदा झालेल्या पटकीने वर्षानुवर्षे टिकणारी ताकद येते, हे त्यातून कळले आणि लस करण्याला आधार मिळाला. २०१६ मध्ये अमेरिकेने प्रवाशांसाठी एका तोंडी कॉलरा लसीला परवानगी दिली. तिच्या परिणामाचा मुख्य पुरावा वॉर्डातलाच होता. दहा दिवसांनी जंतू पाजले तर ९० टक्के संरक्षण, तीन महिन्यांनी ८० टक्के.

आपल्या जवळचे उदाहरण हैदराबादेत बनलेल्या टायफॉइड लसीचे. टायफॉइड हा काही नेहमीचा जुलाबाचा आजार नव्हे, पण येतो त्याच पाण्यातून. ही लस ऑक्सफर्डमध्ये अशाच स्वयंसेवकांवर तपासली गेली, २०१७ मध्ये निकाल आले आणि त्यानंतर लवकरच जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली.

१०. तिकडच्या गोऱ्या लोकांच्या पोटात चाललेली लस आमच्या पोरांच्या पोटात चालेल कशावरून?

तळोदा तालुक्यातल्या एका आशाताईंनी हा प्रश्न विचारला होता. मला आजवर आलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न.

चालेलच असे नाही. प्रश्न ९ मधल्या कॉलरा लसीचाच पूर्वीचा इतिहास पाहा. अमेरिकी स्वयंसेवकांत ती उत्तम ठरली होती. मग इंडोनेशियात जकार्ता शहराच्या उत्तर भागात ६७,००० हून अधिक लोकांवर तिची चाचणी झाली. चार वर्षे पाठपुरावा केला. संरक्षण निघाले जेमतेम १४ टक्के, म्हणजे हिशेबाने शून्यापासून वेगळेही काढता येणार नाही इतके. जिथे लहानपणापासून गढूळ पाणी पोटात जाते तिथल्या आतड्याची घडणच निराळी असते. जंत असतात, दुसऱ्या जंतूंची गर्दी असते, पोषण तोकडे असते. तोंडाने दिलेली लस तिथे रुजतेच असे नाही.

टायफॉइडचे नेमके उलटे झाले. ऑक्सफर्डच्या अभ्यासात संरक्षण ५५ टक्क्यांच्या आसपास दिसले. नेपाळ, मलावी आणि बांगलादेशातल्या मुलांत ते ८० टक्क्यांच्या आसपास निघाले. ऑक्सफर्डमध्ये रक्तात जंतू नुसता दिसला तरी आजार मोजत होते, ती कसोटी फार कडक होती.

म्हणून असे अभ्यास जिथे आजार आहे तिथल्या प्रौढांतही व्हावेत असे शास्त्रज्ञ म्हणतात. बँकॉकमध्ये थाई स्वयंसेवकांवर शिगेलाचा अभ्यास झालाही आहे. मलाही ते पटते. सातपुड्याच्या पायथ्याला पावसाळ्यात जुलाबाने मूल दगावते तेव्हा त्याच्या उपयोगाची लस परक्या पोटावर बेतलेली असावी हे मला बोचते. पण इथे ते करायचे तर प्रश्न १२ आणि १३ आधी सुटले पाहिजेत.

११. आपल्याकडे याला कायदा काय म्हणतो?

नव्या औषधाची किंवा लसीची कुठलीही चाचणी ‘नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९’ खाली येते. संस्थेच्या नीती समितीची मंजुरी लागते. त्या समितीत किमान सात माणसे, त्यांत एक स्त्री, एक कायदा जाणणारा आणि एक वैद्यकाबाहेरचा साधा नागरिक असावा लागतो. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाई वेगळी. मुद्दाम संसर्ग करण्याच्या अभ्यासांसाठी आणखी काय हवे, हे आयसीएमआरच्या वर सांगितलेल्या धोरणाचे काम आहे. सज्ञान आणि निरोगी माणूसच घ्यायचा, हा त्याचा पाया.

१२. ‘कितला पैसा भेटतस?’

शिरपूरकडच्या एका तरुणाने अहिराणीत हसत विचारले, पण त्याला उत्तर खरेच हवे होते. परदेशात दोन आठवडे वॉर्डात राहणाऱ्याला काही हजार डॉलर मिळतात. तत्त्व असे की पैसे वेळेचे, बुडालेल्या मजुरीचे आणि गैरसोयीचे द्यायचे, धोक्याचे नाहीत. धोका जास्त म्हणून पैसे जास्त, असे करायचे नाही.

कागदावर हे सोपे दिसते. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन जी कुटुंबे ऊसतोडीला जातात त्यांच्या दारात हे तत्त्व नेऊन पाहा. उचल फेडायची आहे, पोरीचे लग्न आहे, आणि कोणी दोन आठवड्यांत सहा महिन्यांची मजुरी देतो म्हणाला तर तो माणूस संमतीपत्र वाचेल की रक्कम? आपला जुना दमा, घरातले तान्हे मूल तो लपवेल आणि मग धोका त्याचा एकट्याचा राहणार नाही. फार कमी पैसे दिले तर ती गरिबाची पिळवणूक, फार जास्त दिले तर आमिष. माझे मत असे की रक्कम त्या भागातल्या खऱ्या मजुरीच्या हिशेबाने ठरावी आणि ती ठरवताना गावातली माणसे नीती समितीसमोर बसलेली असावीत.

१३. वाचता येत नाही त्यांच्याकडून अंगठा घेतील. आश्रमशाळेतल्या मुलांवर करतील. खरे ना?

भीती उगाच नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा प्रकल्प झाला. पुष्कळ मुली आदिवासी होत्या आणि वसतिगृहात राहत होत्या. आई-बापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचे उघड झाले, प्रकल्प थांबला आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. मुलींचे जे मृत्यू झाले त्यांचा लसीशी संबंध चौकशीत जुळला नाही, पण सह्यांची लबाडी खरी होती.

मुद्दाम संसर्गाच्या अभ्यासात अठराच्या आतले कोणीही बसत नाही. कोणी आश्रमशाळेचे नाव काढले तर तो अभ्यास नव्हे, गुन्हा समजा. वाचता न येणाऱ्या प्रौढासमोर निःपक्ष साक्षीदार बसून सगळे त्याच्या भाषेत वाचून दाखवले पाहिजे. म्हणजे भिलीत, पावरीत किंवा अहिराणीत, जिल्ह्याच्या ठिकाणच्या मराठीत नव्हे. कागदाची एक प्रत त्याच्या हातात राहिली पाहिजे. परदेशात डोस देण्याआधी स्वयंसेवकाची परीक्षा घेतात. काय पाजणार, काय होऊ शकते, कधी निघून जाता येते. ठरावीक गुण मिळाले नाहीत तर घेत नाहीत. तोंडी का होईना, ही परीक्षा आपल्याकडे हवीच.

एका इस्पितळात माझ्या काकांच्या ऑपरेशनवेळी कागद पुढे सरकवून ‘इथे सही करा’ एवढेच सांगितले होते. काय लिहिले आहे असे मी विचारले तर ‘सगळे करतात’ हे उत्तर मिळाले. त्या एका वाक्यावर कोणी जंतू पिऊ नये.

१४. गावात गॅस्ट्रोची साथ आली तर तो असा लपूनछपून केलेला प्रयोग असू शकतो का?

नाही. प्रश्न ४ पाहा. एकेक डोस मोजून, एकेका माणसाला, बंद वॉर्डात देतात आणि शौचसुद्धा निर्जंतुक करून मगच गटारात सोडतात. पाण्याच्या टाकीत जंतू सोडून कोणाला काही शिकता येणार नाही, कारण कोण किती प्यायले हेच कळणार नाही. गावातल्या साथीचे कारण बहुतेकदा साधे असते. फुटलेली पाइपलाइन गटारातून गेलेली, किंवा चार दिवसांनी नळ येतो आणि पाणी साठवलेल्या टाकीचे झाकण उघडे. ग्रामपंचायतीला पाण्यासाठी लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले आहे, ते जाऊन विचारा.

१५. हे सगळे राहू द्या. आज घरात जुलाब लागले तर काय करू?

मी चौथीत असताना तापीकाठच्या आमच्या गावात साथ आली होती. शाळेच्या व्हरांड्यात माणसे सतरंजीवर झोपवली होती आणि सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना सुतळीने बांधल्या होत्या. म्हाताऱ्या बायका मरीमायला नारळ बोलत होत्या. त्या बाटल्यांइतकेच काम ओआरएसच्या पुडीतले पाणी करते, हे मला फार उशिरा कळले. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून पाजून ते दाखवून दिले होते.

पूर्ण पुडी, एक लिटर उकळून गार केलेले पाणी. आजही मी आयांना पेलाभर पाण्यात अर्धी पुडी अंदाजाने ओतताना पाहते. घट्ट झालेले ते पाणी जुलाब वाढवते. पुडी नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मुलाला घोट घोट पाजा, ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. अंगावरचे दूध आणि जेवण तोडू नका. झिंकची गोळी १४ दिवस द्या, सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलिग्रॅम, त्याआतल्या बाळाला १०. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती हळू खाली गेली, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, शौचात रक्त दिसले किंवा मूल पाणीच पिईना, तर पुडीवर विसंबू नका, लगेच आरोग्य केंद्र गाठा.

१६. सही केली, जंतूही प्यायलो, आणि रात्री मन बदलले. निघून जाता येते?

अभ्यासातून बाहेर पडता येते, कुठल्याही क्षणी आणि कारण न सांगता. वॉर्डातून लगेच बाहेर पडण्याचा मात्र इथे पेच आहे. बाकीच्या चाचण्यांत माणूस नुसता उठून जातो. इथे त्याच्या पोटात जिवंत जंतू आहेत, आणि घरी, बसमध्ये, बाजारात दुसरी माणसे आहेत ज्यांनी कुठेही सही केलेली नाही. म्हणून ‘नको’ म्हणताच रक्त घेणे, मोजमाप, सगळे बंद करतात, अँटिबायोटिक त्याच तासाला सुरू करतात आणि शौच स्वच्छ येईपर्यंत थांबण्याची विनंती करतात. हे बंधन सही करण्याआधीच ठळक अक्षरात सांगितलेले असले पाहिजे. आणि ते थोडे जास्तीचे दिवस वॉर्डात काढल्याबद्दल ठरलेली रोजची रक्कम त्याला मिळाली पाहिजे, मन बदलले म्हणून कापून नव्हे.